गाण्याची पहिली जोडणी: मुंबईच्या कटिंग रूमपासून पेडणे-डिचोलीपर्यंत

1952 साली बार्देशातल्या पोंबुर्पा गावचा एक तरुण नोकरी शोधत मुंबईला गेला. वामन भोसले त्याचं नाव. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि गोव्यात सिनेमाचं काम मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली तो संकलन शिकला, मग फिल्मिस्तानमध्ये बारा वर्षं साहाय्यक म्हणून राबला. 1969 साली राज खोसला यांच्या ‘दो रास्ते’नं त्याला स्वतंत्र संकलक केलं. त्यानंतर गुरुदत्त शिराळी यांच्या जोडीनं ‘मेरा गाँव मेरा देश’, ‘आँधी’, ‘दोस्ताना’, ‘कर्ज’ असे चित्रपट त्यानं बांधले. ‘इनकार’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘सौदागर’साठी फिल्मफेअर. एप्रिल 2021 मध्ये वामन भोसले गेले, तेव्हा त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक चित्रपट होते.

या यादीतलं प्रत्येक नाव 1969 किंवा त्यानंतरचं आहे. त्याआधीच्या बारा वर्षांत हाताखालून काय काय गेलं, ते पडद्यावर कुठंच लिहिलेलं नाही. साहाय्यकाचं काम असतंच तसं: लॅबमधून आलेले रशेस, म्हणजे कच्चं चित्रीकरण, उघडायचे, चित्र आणि आवाज जुळवायचे, प्रत्येक तुकड्यावर नंबर घालायचा, निवडलेले टेक क्रमानं जोडून संकलकापुढं ठेवायचे. गाण्याच्या बाबतीत हे काम फार किचकट, कारण तिथं एकाच ओळीचे दहा कोनांतून घेतलेले तुकडे असतात आणि ते सगळे एकाच आवाजावर बसवायचे असतात.

आज गोव्यात पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या बाजूची कॉलेजातली मुलं एखादं गाणं चित्रित करून लॅपटॉपसमोर बसतात, तेव्हा त्यांच्याही वाट्याला पहिल्यांदा हेच येतं. जुळवणं, निवडणं, नावं घालणं, कच्ची जोडणी. साधनं पार बदलली, पण कामांचा क्रम जवळपास तोच आहे. खरा बदल झाला तो जागेचा. गोव्याच्या मातीतलं गाणं पडद्यावर यायचं तर अनेक वर्षं त्याला मुंबईची वाट धरावी लागे. संकलनाचं टेबल तालुक्याच्या गावात यायला साठेक वर्षं लागली.

कापण्या-जोडण्याच्या कामाची मराठी सुरुवात घरातच झाली होती. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते, तेव्हा कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. चित्रपट 3 मे 1913 रोजी प्रदर्शित झाला. तो मूक होता, म्हणून तुकडे जोडताना आवाज सांभाळायची अडचण नव्हती. डोळ्यांना पटलं की जोड पक्का.

बोलपट आला आणि हे स्वातंत्र्य संपलं. 1931 च्या ‘आलम आरा’साठी टॅनार नावाची यंत्रणा वापरली होती. तिच्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच निगेटिव्हवर उमटत. त्यातही 35 मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाचा पट्टा चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढं असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग भिंगापासून थोड्या अंतरावर असतो. म्हणजे जिथं चित्र कापायचं, तिथं आवाज भलत्याच अक्षरावर तुटायचा. गाणं मधेच कापण्याची हिंमत कोण करणार? म्हणून त्या काळातली गाणी लांबलचक शॉटमध्ये चित्रित होत. नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात आणि वादक झाडाआड किंवा चौकटीबाहेर बसून साथ करत. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात गोविंदराव टेंबे स्वतःच नायक होते आणि संगीतही त्यांचंच होतं. गाता गळा आणि दिसणारा चेहरा एकाच माणसाचा असावा लागे, तो असा.

पेच सुटला 1935 मध्ये. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’मध्ये गाणं आधी ध्वनिमुद्रित केलं, मग ते सेटवर वाजवून त्यावर नटांना ओठ हलवायला लावलं. पार्श्वगायनाची गोष्ट सांगताना ती बहुधा गायकांची म्हणून सांगितली जाते. संकलकाच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या दिवशी गाणं हाताशी येऊन पक्कं झालं. आवाजाची एक अखंड पट्टी तयार, आणि तिच्यावर हवे तितके तुकडे, हव्या तितक्या कोनांतून लावायची मोकळीक. आज ज्याला म्युझिक व्हिडिओ म्हणतात, त्याची सगळी रीत इथून निघते: गाणं आधी, चित्र नंतर.

पण ही मोकळीक हिशेबाशिवाय मिळत नाही, आणि हिशेब साहाय्यकाकडं. 35 मिलिमीटरच्या एका फुटात 16 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे सेकंदाला दीड फूट. साडेतीन मिनिटांचं गाणं 315 फूट भरतं, आणि ते उभं करायला त्याच्या कितीतरी पट फिल्म खर्ची पडलेली असते. शॉटच्या सुरुवातीला क्लॅप दिलेला असतो. पाटीची दांडी मिटते ती फ्रेम चित्रात शोधायची, ‘टक’ आवाजाची फ्रेम ध्वनिपट्टीवर शोधायची, दोन्हींवर ग्रीस पेन्सिलनं फुली मारायची आणि फुल्या समोरासमोर आणून पट्ट्या एकत्र चालवायच्या. क्लॅप द्यायचा राहिला असेल, तर नटाच्या ओठांवर ‘प’ किंवा ‘ब’ कुठं मिटतो ते पाहत बसायचं, कारण ओठ बंद होणारी अक्षरं डोळ्याला नेमकी कळतात. हे सगळं आधी मूव्हिओलावर चाले. इवान सेर्युरियेनं 1924 साली अमेरिकेत बनवलेलं ते उभं, खडखडाट करणारं यंत्र. पुढं आडवी, शांत चालणारी जर्मन स्टीनबेक टेबलं आली.

तालाचं गणितही फ्रेममध्येच मांडावं लागे. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एका मात्रेला बरोबर 12 फ्रेम येतात. लय 100 वर आली की मात्रा 14.4 फ्रेमची होते, आणि तो .4 कुठं जिरवायचा हे कानानं ठरवावं लागतं. ‘कर्ज’मधली एक धुन नायकाला मागच्या जन्माची आठवण करून देते आणि शेवटाकडं एक गाणं रंगमंचावरच खुनाची गोष्ट उलगडतं. अशा चित्रपटात गाणं एका मात्रेनं घसरलं तर गोष्टच घसरते. तिथं वामन भोसल्यांची ती बारा वर्षं कामी आली असणार.

याच काळात मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याची माणसं मोठ्या संख्येनं होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्याकडं वाद्यवृंदाची बांधणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड. चर्चच्या संगीतशाळांतून आलेल्या या मंडळींना पाश्चात्त्य स्वरलिपी येत होती. कागदावर मात्रांच्या रेघा मारलेलं गाणं हे त्यांनी हिंदी चित्रपटाला दिलेलं मोठं देणं. असं कितव्या मात्रेला काय वाजतं ते आधीच लिहून ठेवलेलं गाणं कापायलाही सोपं जातं.

आणि तरीही गोव्याचा स्वतःचा सिनेमा मुंबईवर अवलंबून राहिला. पहिला कोकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ 24 एप्रिल 1950 रोजी आला. तो केला म्हापशाच्या जेरी ब्रागांझा यांनी. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 रोजी, आणि दोनच वर्षांत फ्रँक फर्नांड यांनी ‘आमचें नशीब’ निर्माण केला. 1966 मध्ये त्यांचाच ‘निर्मोण’ आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं आणि त्याच्याच कथेवर ‘तकदीर’ हा हिंदी चित्रपट निघाला. 1977 च्या ‘भुंयारांतलो मनीस’नं कोकणी पडद्यावर रंग आणले. गाणी हा या सगळ्या चित्रपटांचा प्राण होता. गायक, वादक, गीतकार बहुतेक गोव्याचे. स्टुडिओ, लॅब आणि कटिंग रूम मात्र मुंबईच्या.

पेडणे आणि डिचोली तर या नकाशातही कडेलाच. पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादींतले हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती गेले. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींत देवळं मोडली गेली, ती पाळी या भागावर आली नाही. उलट, दिवाडी बेटावरच्या मोडलेल्या देवळाचा सप्तकोटेश्वर डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला येऊन राहिला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. देवळं राहिली म्हणून जत्रा राहिल्या, काले राहिले, शिगमा राहिला. पेडण्याकडं सावंतवाडीशी जोडलेला दशावतार, डिचोलीकडं ढोल-ताशांच्या गजरातली घोडेमोडणी, दोन्हीकडं घुमट आणि शामेळ या वाद्यांवरच्या आरत्या आणि बायकांचा धालो. ऐकण्या-पाहण्याजोगं इतकं असूनही फिल्मच्या काळात त्यातलं फार थोडं चित्रित झालं. फिल्म महाग, कॅमेरा दूर, टेबल त्याहून दूर.

व्हिडिओ कॅसेट आली आणि गावात कॅमेरा दिसू लागला. लग्नाचं चित्रीकरण करणारे दुकानदार हे तालुक्यातले पहिले संकलक. त्यांचं काम टेपवरून टेपवर चाले: एका मशीनवर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर नवी, आणि हवा तो तुकडा तेवढ्या वेळापुरता उतरवून घ्यायचा. या पद्धतीत एक जाच होता. गाण्याच्या सुरुवातीचा शॉट दोन सेकंदांनी लांबवावासा वाटला, तर पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे, आणि प्रत्येक उतरवणीत चित्र थोडं पुसट होई. म्हणून कापण्याआधी कागदावर यादी करण्याची सवय लागली: कुठली कॅसेट, कितव्या मिनिटाला काय, कुठला तुकडा घ्यायचा. पुढं तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराच्या आणि कोकणी गाण्यांच्या व्हीसीडी निघाल्या. त्यांची बाजारपेठ याच तयारीवर उभी राहिली.

आवाजाच्या बाजूनं एक पाऊल त्याआधीच पडलं होतं. पेडणे तालुक्याच्या सीमेवर शापोरा नदी आहे आणि पलीकडच्या काठावर शिवोली. तिथं रेमो फर्नांडिस यांनी 1984 मध्ये ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर घरीच ध्वनिमुद्रित केला, आणि कॅसेटी आपल्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. मुंबईच्या स्टुडिओशिवाय गोव्यात गाणं पूर्ण होऊ शकतं, याचा तो पुरावा होता. चित्राला तेवढीच मोकळीक मिळायला आणखी वीस वर्षं गेली.

ती मोकळीक संगणकानं दिली. 1989 मध्ये एविडची यंत्रणा बाजारात आली आणि तुकडा कुठंही घालावा, कधीही काढावा, पुढचं आपोआप सरकेल अशी सोय झाली. किंमत मात्र मोठ्या स्टुडिओंनाच झेपणारी. 1999 मध्ये फायनल कट प्रो आलं. 2011 मध्ये दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती निघाली, आणि काही वर्षांत तिच्यात संकलनाची पूर्ण सोयही आली. ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याला परवाना विकत न घेता व्यावसायिक दर्जाचं टेबल मिळालं, ते असं.

याच दरम्यान 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागला. त्यानंतर पाचच वर्षांनी पेडणे तालुक्यातल्या मोरजीच्या लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पलतडचो मनीस’ला टोरांटो महोत्सवात फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरचा हा कोकणी चित्रपट. 2014 मध्ये बार्डरॉय बॅरेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ आला. तो साठ-सत्तरच्या दशकांतल्या कोकणी गाण्यांभोवतीच रचलेला आहे आणि त्यासाठी ती गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली गेली. बॅरेटो हे मूळचे जाहिरातपटांचे संकलक. गाणं आधी पक्कं करून त्यावर चित्र रचण्याची शिस्त त्या चित्रपटात सलग दिसते.

विद्यार्थ्यांसाठी ही शिस्त नवी नाही. पुण्यात प्रभातच्या जागेत 1960 साली चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिथं ध्वनिमुद्रित गाण्यावर चित्रीकरण करण्याचा ‘प्लेबॅक’ हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा सराव आहे. पण विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयात किंवा साखळीच्या सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला सिनेमाचं शिक्षण घेतल्याशिवायही हा सराव करता येतो. फोन हाती आहे, गाणं अंगणात आहे. अडचण येते ती नेमकी पहिल्या टप्प्यावर, आणि ती या भागाच्या संगीतामुळेच येते.

समजा, घुमट आरतीचा व्हिडिओ करायचा आहे. मुलं तीन वेळा आरती म्हणवून घेतात, दर वेळी वेगळ्या कोनातून. घरी येऊन पाहतात तर एकही टेक दुसऱ्याशी जुळत नाही. आरती म्हणणारा मेळ कुणाच्या ठोक्यावर बांधलेला नसतो, त्याची लय रंगात येते तशी चढते. एका टेकची लय मिनिटाला 100 मात्रांची आणि दुसऱ्याची 102 असली, तरी एका मिनिटात दोघांत दोन मात्रांचं, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास अंतर पडतं. थाप घुमटाच्या चामड्यावर पडताना दिसते आणि आवाज नंतर येतो. दोन-तीन फ्रेमचं अंतरसुद्धा घुमटाच्या थापेवर डोळ्याला खटकतं. मग एक तर 1935 ची युक्ती करायची, म्हणजे उत्तम टेक आधी ध्वनिमुद्रित करून तोच स्पीकरवर लावून पुढचं चित्रीकरण करायचं. नाही तर एकाच वेळी तीन फोन लावून एकच गायन टिपायचं. पहिल्या वाटेनं कोन हवे तितके मिळतात, पण जुने वादक स्वतःच्याच आवाजावर हात हलवायला अवघडतात. दुसऱ्या वाटेनं रंग खरा राहतो. या भागातल्या मेळांसाठी दुसरी वाटच बरी, कारण त्यांची चढती लय हीच त्यांची ओळख आहे.

शिगम्याच्या मिरवणुकीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. ढोल 34 मीटरवर असेल तर त्याचा आवाज फोनपर्यंत सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं उशिरा पोचतो, म्हणजे 25 फ्रेमच्या हिशेबात अडीच फ्रेम. लांबच्या फोनचं चित्र जवळच्या रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवताना संगणकाला आवाजाच्या लाटा जुळवायला सांगितलं, तर तो चित्रही तेवढंच आधी सरकवतो. काठी ढोलावर पडताना दिसते ती फ्रेम डोळ्यानं शोधून दुरुस्ती करावी लागते. फिल्मिस्तानचा साहाय्यक ग्रीस पेन्सिलनं करत होता तेच हे काम.

दशावतार रात्री रंगतो आणि तिथं दिव्यांचा प्रश्न येतो. भारतात विजेचा प्रवाह 50 हर्ट्झचा आहे. फोन 30 फ्रेमवर ठेवला तर काही ट्यूबलाइट आणि एलईडींखाली चित्र फडफडतं. 25 फ्रेम आणि सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाचं शटर ठेवलं की स्थिर होतं. शिवाय बरेच फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतात. असे तुकडे टाइमलाइनवर टाकण्याआधी एकसारख्या 25 फ्रेममध्ये बदलून घेतले नाहीत, तर सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी सुटतो, आणि चूक कुठं झाली ते कळायला संध्याकाळ जाते.

यानंतर खरी जोडणी. सर्वांत खाली गाण्याची अखंड पट्टी. तिच्यावर प्रत्येक समेला खूण. वरच्या थरांत जुळवलेले सगळे टेक, न कापता, पूर्ण लांबीचे. मग ते एकेक करून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचे आणि प्रत्येक ओळीसाठी दोन-तीन चांगल्या जागा टिपायच्या. नवी मुलं इथंच घाई करतात. प्रत्येक समेवर कट मारला की गाणं वेगवान होईल असं त्यांना वाटतं, आणि दहाव्या सेकंदापासून प्रेक्षकाला पुढचा कट कुठं येणार ते कळू लागतं. ज्यानं लहानपणापासून घुमटाची साथ ऐकली आहे, त्याच्या कानाला हे लगेच खटकतं. वादक समेच्या आधी उठान घेतो, सम कधी सोडून देतो, गायकाला श्वास घ्यायला जागा ठेवतो. पोंबुर्प्याहून जाऊन मुंबईत बारा वर्षं जो कान तयार करावा लागला, त्याचा निम्मा भाग या मुलांकडं घरचाच असतो. तो कच्च्या जोडणीत वापरता आला पाहिजे. रंग-रूप, अक्षरं, इफेक्ट यांची वेळ नंतर येते.

आणि यादी. फाइलचं नाव, तारीख, गाव, मेळाचं नाव, गाणारे, घुमट कुणाचं, शामेळ कुणाचं, चित्रीकरणाला त्यांची संमती घेतली की नाही. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चीही काहीच रिळं उरली आहेत. गोवा सरकारनं 2019 मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. पण वारसा जपायचा तर कोणत्या गावात कोण कसं वाजवत होतं याची नोंद लागते, आणि ती चार मिनिटांच्या सजवलेल्या व्हिडिओत नसते. ती असते बाजूला टाकलेल्या दोन-तीन तासांच्या चित्रीकरणात: चुकलेली सुरुवात, वादकांची आपसातली सूचना, म्हाताऱ्या गायकानं मधेच थांबून सांगितलेली चाल. विद्यार्थी व्हिडिओ पुरा झाला की जागा रिकामी करायला हे पुसून टाकतात.

पेडण्या-डिचोलीतल्या महाविद्यालयांनी आणि गोव्याच्या कला अकादमीनं एवढं करायला हवं: विद्यार्थ्यांचं न कापलेलं चित्रीकरण यादीसह मागून घ्यावं, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावं आणि एक प्रत त्या त्या मेळाला द्यावी. खर्च फार नाही. यादी तर विद्यार्थ्यानं संकलनाच्या पहिल्याच दिवशी केलेली असते.